कंपन्या कॉर्पोरेट क्रेडिट कार्ड का वापरतात?

चाकणमधल्या एखाद्या कारखान्याचा सर्व्हिस इंजिनिअर दुरुस्तीसाठी बंगळुरूला निघाला, की एक तर अकाउंट्समधून उचल घेतो, नाहीतर पदरचे पैसे घालून परतल्यावर व्हाउचर भरतो. उचल घेतली तर तिचा हिशेब रेंगाळतो. पदरचे घातले तर ते कंपनीत अडकतात. कॉर्पोरेट क्रेडिट कार्डामुळे हे दोन्ही टळते. बिनव्याजी उधारी हा त्याचा एक फायदा असला, तरी कंपन्या ते घेतात ते मुख्यतः खर्चावर पकड राहावी म्हणून.

बिल कोणी भरायचे?

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत व्यावसायिक कार्डांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ही कार्डे धंद्याच्या खर्चासाठीच असतात आणि पैसा तिथेच जातो ना, हे कार्ड देणाऱ्या बँकेने पाहायचे असते. बिलाची जबाबदारी बहुधा कंपनीची असते. काही करारांत मात्र ती कर्मचाऱ्यावर किंवा दोघांवर मिळून असते. तेव्हा कार्ड हाती घेण्याआधी कर्मचाऱ्याने हे कलम वाचलेले बरे.

खर्च होण्याआधीच चाप

कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला त्याच्या धंद्यानुसार चार आकडी क्रमांक असतो. रेस्टॉरंटचा ५८१२, बारचा ५८१३, पेट्रोल पंपाचा ५५४१, एटीएममधल्या रोख रकमेचा ६०११. बँकेची सोय असेल तर नको ते क्रमांक कंपनी बंद करून घेऊ शकते. मग ड्रायव्हरचे कार्ड पंपावर चालते, बारमध्ये चालत नाही. पण बारचा खर्च हॉटेलच्याच बिलात आला, तर यंत्रणेला फक्त हॉटेल दिसते. तिथे बिल डोळ्यांखालून घालावेच लागते.

रोखीला आयकराची आडकाठी

एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर काही अपवाद सोडता तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. मालवाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० रुपये आहे. कार्डाने केलेल्या खर्चाला ही अट लागू होत नाही.

जीएसटीसाठी स्टेटमेंट पुरत नाही

इथे अनेकजण फसतात. कार्डाचे स्टेटमेंट म्हणजे पैसे दिल्याची नोंद. इनपुट टॅक्स क्रेडिटसाठी कंपनीचा जीएसटी क्रमांक असलेले बिल लागते. शिवाय बंगळुरूच्या हॉटेलने लावलेला केंद्राचा आणि कर्नाटकचा जीएसटी, फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला वळता करून घेता येत नाही. कार्ड कोणतेही असो, यात फरक पडत नाही.

बिनव्याजी दिवसांचे गणित

समजा, स्टेटमेंट दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि भरणा २५ तारखेपर्यंत करायचा आहे. ६ जूनच्या खरेदीचे पैसे २५ जुलैला द्यायचे, म्हणजे ४९ दिवस मिळाले. तीच खरेदी ५ जुलैला केली तर २० दिवसच. पूर्ण बिल वेळेत भरले नाही, तर ही सवलत जाते आणि महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागू शकते. वर्षाचा हिशेब ४० टक्क्यांच्या पुढे जातो. एवढ्या व्याजाने खेळते भांडवल उभे करण्यापेक्षा कॅश क्रेडिट कितीतरी स्वस्त.

कार्ड कुठे चालत नाही?

कार्ड न स्वीकारणाऱ्या पुरवठादारांनाही मध्यस्थामार्फत कार्डाने पैसे देण्याची सोय काही कंपन्या वापरत होत्या. फेब्रुवारी २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेने अशी एक व्यवस्था थांबवायला सांगितली. त्यासाठीची कायदेशीर परवानगी नव्हती आणि मोठ्या रकमा मध्यस्थाच्या खात्यात जमा होत होत्या, हे तिचे आक्षेप होते.

घेण्याआधी काय ठरवावे?

कोणाला किती मर्यादेचे कार्ड द्यायचे, बिल किती दिवसांत जमा करायचे आणि ते न आल्यास काय, हे लेखी असावे. सॉफ्टवेअरच्या वर्गण्यांसाठी वेगळे कार्ड ठेवावे. १५,००० रुपयांपुढच्या अशा आवर्ती भरण्याला दर वेळी ओटीपी लागतो. तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर जात असेल, तर सेवा ऐन कामाच्या दिवशी बंद पडते. म्हणून राजीनाम्याच्या कागदपत्रांत लॅपटॉपबरोबर कार्ड आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक यांचीही नोंद असावी.