दारू कोपऱ्यावर, भाजी मैलभर दूर

अमेरिका म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांसमोर भल्यामोठ्या दुकानांच्या रांगा उभ्या राहतात. ज्या मुलुखात एकेका दुकानात हजारो जिनसा मांडलेल्या असतात, तिथे एखाद्या बाईला ताज्या भाजीसाठी बस बदलून जावे लागते, असे कोणी सांगितले तर पटकन विश्वास बसत नाही. आमचाही बसला नव्हता. पण ज्या कुक काउंटीत शिकागो शहर येते तिथली हकीकत समजून घेतली, तेव्हा हा आपल्या पानाचा विषय आहे असे वाटले. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. २०२० च्या जनगणनेत या एका काउंटीची लोकसंख्या ५२ लाखांच्या वर होती.

अमेरिकन सरकारने अशा वस्त्यांना ‘फूड डेझर्ट’, म्हणजे अन्नाचे वाळवंट, असे नाव दिले. वस्ती गरीब असावी आणि तिथल्या किमान ५०० माणसांना किंवा एक-तृतीयांश लोकांना मोठे किराणा दुकान एक मैलापेक्षा दूर पडत असावे, अशी शहरासाठीची व्याख्या. खेड्यासाठी १० मैल. २००६ साली मारी गॅलघर या बाईंनी शिकागोची पाहणी केली, तेव्हा शहरातले पाच लाखांहून अधिक लोक अशा वस्त्यांत राहतात असे निघाले. त्यांत बहुसंख्य काळे लोक. मैलभर अंतर आपल्याला काहीच वाटत नाही, पण शिकागोच्या हिवाळ्यात, बर्फातून, दोन मुले आणि चार पिशव्या घेऊन चालून पाहावे.

एंगलवूड ही त्यातली प्रसिद्ध वस्ती. एके काळी तिथला ६३ वा रस्ता आणि हॉल्स्टेड रस्ता यांचा चौक म्हणजे शहराच्या मुख्य बाजारानंतरची सर्वांत गजबजलेली पेठ होती. सीअर्ससारख्या कंपनीचे मोठे दुकान तिथे होते. १९६० साली एंगलवूडची वस्ती ९७ हजारांवर होती, २०२० मध्ये ती २४ हजारांवर आली. गोरे लोक उपनगरांत गेले, १९३० नंतरच्या दशकांत बँकांनी नकाशावर अशा मोहल्ल्यांभोवती लाल रेघ ओढून कर्ज बंद केले होतेच, कारखाने गेले, आणि त्यांच्यामागून मोठे दुकानदारही गेले. गिऱ्हाईक गेले की दुकान जाते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. मात्र इथे गिऱ्हाईक पुरते गेले नव्हते. २४ हजार पोटे तिथेच होती.

ती रिकामी जागा कोणी भरली? आपल्या दीनी भावांनी. हा भाग वाचताना आम्हांला आनंदही झाला आणि मान खालीही गेली. फिलिस्तीनमधून विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोत आलेले अरब खांद्यावर चादरी, कापड, गालिचे घेऊन काळ्या वस्त्यांत दारोदार फेरी करीत. म्हणजे धंद्याने ते आमचेच भाऊबंद. पुढे त्यांनी गाळे घेतले, आणि साखळी दुकाने निघून गेली तसे कोपऱ्यावरचे किराणा दुकान मोठ्या संख्येने अरब मुसलमानांच्या हाती आले. जिथे कोणी जायला तयार नव्हते तिथे हे लोक बुलेटप्रूफ काचेमागे उभे राहिले, चोऱ्या-दरोडे सोसले आणि मुलांना शिकवून डॉक्टर-वकील केले. पण त्यांतल्या कित्येक दुकानांत विकत काय होते? दारू, सिगारेट, लॉटरीची तिकिटे, चिप्सची पाकिटे, आणि कोपऱ्यात काळी पडलेली चार केळी.

दारूची विक्री मुसलमानाला जायज नाही, मग गिऱ्हाईक कोणीही असो, याबद्दल बहुसंख्य उलेमांचे मत स्पष्ट आहे. दुकानदारांना हे माहीत नव्हते असे नाही. मग त्यांनी ते का केले? आम्ही फतवा देणारे नाही. आम्ही धंद्याची बाजू तेवढी सांगतो.

हिशेब असा आहे. अमेरिकेत किराणा दुकानाला सर्व खर्च जाऊन शेकडा १ ते ३ एवढाच नफा उरतो. तो उलाढालीवर जगणारा धंदा आहे. आमचे कापड पडून राहिले तर फार तर घडीवर डाग पडेल, रंग उतरेल. सणाच्या सेलमध्ये ते निघते. पालेभाजी चौथ्या दिवशी कचऱ्यात. दारूची बाटली मात्र सडत नाही, सिगारेटला फ्रीज लागत नाही. त्यातून सरकारी मदतीचा नियम पाहा. तिथे गरिबांना ‘स्नॅप’ योजनेत कार्डावर महिन्यातून एकदा रक्कम मिळते. आपल्या रेशनसारखे ठरावीक दुकान नसते, मान्यता असलेल्या कोणत्याही दुकानात ते कार्ड चालते. त्या कार्डावर दारू-सिगारेट मिळत नाही, हे ठीकच. पण मान्यता मिळवायला दुकानात माल किती असावा? २०१८ साली लागू झालेल्या नियमात दूध, धान्य, भाजी-फळे व मांस या चार वर्गांत प्रत्येकी तीन प्रकार, प्रत्येकाचे तीन नग, म्हणजे सारे मिळून ३६ नग ठेवले की भागत होते. आपल्या गल्लीतला टपरीवालाही हसेल. २०२५ मध्ये सरकारने ही अट वाढवण्याचा प्रस्ताव मांडला.

मोठ्या दुकानाचा प्रयोग

नगरपालिकेला वाटले, मोठी कंपनी आणली की प्रश्न सुटेल. एंगलवूडच्या त्याच चौकात जागा तयार करण्यासाठी सुमारे १ कोटी ७ लाख डॉलर सार्वजनिक पैसा घातला गेला आणि २८ सप्टेंबर २०१६ रोजी ‘होल फूड्स’ हे उंची मालाचे दुकान मोठ्या थाटात उघडले. पुढच्याच वर्षी ही कंपनी ॲमेझॉनने विकत घेतली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दुकान बंद. सहा वर्षे! एप्रिल २०२३ मध्ये वॉलमार्टने शहरातली आपली चार दुकाने एका झटक्यात मिटवली. त्याआधी डिसेंबर २०१३ मध्ये डॉमिनिक्स ही साखळी शिकागो परिसरातून उठली होती, तेव्हा साउथ शोअर वस्तीतला तिचा गाळा तब्बल सहा वर्षे रिकामा राहिला. ज्याची पेढी दुसऱ्या गावात असते त्याला एक दुकान बंद करणे म्हणजे वहीतली एक ओळ खोडणे. मोहल्ल्यातल्या म्हातारीला पुन्हा बस.

लहान दुकानदाराने ही जागा का घेऊ नये? इथे खरी मेख आहे, आणि ती घाऊक बाजारात आहे. आम्ही रोज पाहतो की गाठी उचलणाऱ्याला एक भाव आणि दोन तागे नेणाऱ्याला दुसरा. थोडा फरक वाजवी आहे, कारण वाहतूक-बांधणीचा खर्च खरोखर वाचतो. पण फरक त्या बचतीपेक्षा कितीतरी मोठा झाला तर लहान माणूस उभाच राहू शकत नाही. अमेरिकेत यासाठी १९३६ साली रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला: एकच माल दोन दुकानदारांना विनाकारण वेगळ्या भावाने विकू नये. १९८० च्या दशकापासून त्या कायद्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबली, आणि मोठ्या साखळ्या दबाव आणून माल उचलू लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारी आयोगाने बऱ्याच वर्षांनी या कायद्याखाली एका मोठ्या घाऊक विक्रेत्यावर दावा लावला. गंमत अशी की तो विक्रेता दारूचा! जानेवारी २०२५ मध्ये पेप्सी कंपनीवर लावलेला दावा मात्र सरकार बदलताच, मे महिन्यात, मागे घेतला गेला. हजरत पैगंबर (स.) यांनी शहराबाहेर जाऊन काफिल्याचा माल अडवून उचलण्यास मनाई केली होती, बाजाराचा खरा भाव सर्वांना मिळावा हा त्यामागचा हेतू असल्याचे फुकहा सांगतात.

६३ व्या रस्त्यावरची ‘इमान’

आता त्यांच्याविषयी, ज्यांनी नुसती तक्रार केली नाही. शिकागोत १९९० च्या दशकात मुस्लिम तरुणांनी ‘इनर-सिटी मुस्लिम ॲक्शन नेटवर्क’ ही संस्था काढली. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ‘इमान’. रामी नशाशिबी हे तिचे प्रमुख होते. २०१७ साली त्यांना मॅकआर्थर फाउंडेशनची नामांकित फेलोशिप मिळाली. हे लोक काळ्या मोहल्ल्यातल्या अरब दुकानदारांकडे गेले, त्यांना आणि शेजाऱ्यांना एका चटईवर बसवले. काळ्या मुसलमानांचा सवाल सरळ होता: तुम्ही मशिदीत आमच्या शेजारी सफेत उभे राहता आणि दुकानात आमच्या मुलांना काय विकता? काही दुकानदारांनी ताजा माल ठेवायला सुरुवात केली. पण भाजी ठेवणारा आणि बाजूलाच दारू ठेवणारा यांच्यात भावाची लढत झाली तर कोण टिकेल, हे वाचकांनी वरच्या हिशेबावरून ठरवावे.

शेवटी संस्थेने एंगलवूडमधल्या इतर संस्थांना सोबत घेऊन स्वतःच दुकान काढले. मार्च २०२२ मध्ये ६३ व्या आणि रॅसीन रस्त्याच्या नाक्यावर ‘गो ग्रीन कम्युनिटी फ्रेश मार्केट’ सुरू झाले. त्या नाक्यावरचे रेल्वे स्टेशन १९९४ पासून बंद आहे, यावरून जागेची कल्पना यावी. पण हे धर्मादाय संस्थेचे दुकान आहे, तिच्यामागे देणग्या आणि अनुदाने आहेत. देणगीशिवाय, हलाल मालावर, तेवढ्याच गरीब गिऱ्हाइकांत एखादा दुकानदार आपला संसार चालवू शकेल का, हा आमच्यासारख्यांचा प्रश्न आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकाभरच्या घरांच्या खरेदीचा मोठा अभ्यास छापला. नवे सुपरमार्केट उघडले तरी घरातले खाणे फारसे बदलत नाही, आणि गरीब-श्रीमंतांच्या खाण्यातल्या तफावतीचा जेमतेम दहावा हिस्सा दुकानांच्या कमतरतेमुळे आहे, असा त्यांचा निष्कर्ष. आम्हांला तो पटतो आणि नाहीही. सवय आणि पैसा मोठा आहे, कबूल. पण आठ वर्षांच्या मुलाने सफरचंद फक्त चित्रात पाहिले असेल तर त्याची सवय कशी लागणार?

त्याच शहराच्या उत्तर टोकाला, एंगलवूडपासून सुमारे २५ किलोमीटरवर, डेव्हन अव्हेन्यू आहे. १९७४ साली पटेल बंधूंनी तिथे दुकान टाकले, आणि पुढे हैदराबादी, पाकिस्तानी, गुजराती दुकानांनी तो रस्ता भरून गेला: जबीहा मांस, बासमती, आटा, कोथिंबीर, सारे काही. तिथले दुकानदार लहानच होते. फरक एवढा की त्यांचा माल साखळी दुकानांत मिळत नव्हता आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन दुरून येत होते.

ज्या वाचकांचे आप्त शिकागो, डेट्रॉइट किंवा न्यू जर्सीकडे किराणा धंद्यात आहेत, त्यांना विनंती की दारू-लॉटरी न ठेवता दुकान चालवणाऱ्याचा एका महिन्याचा हिशेब, भाडे, वीज, खराब माल आणि घाऊक भावासह, मागवून घ्यावा व आम्हांला साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावा. नाव छापले जाणार नाही.