संगणक शाळेत आला, पण गुरुजींच्या जागी नव्हे

गावच्या शाळेतील पालकसभेत अलीकडे एक मागणी हटकून होते. शेजारच्या गावी संगणक आले, मोठा पडदा आला, मुले आता ऑनलाइन शिकतात. मग आमचीच मुले मागे का राहावीत? मागणी रास्त आहे. आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवितात; त्यांनी काळाबरोबर चालू पाहिले तर त्यात वावगे काही नाही. परंतु वर्गणी गोळा करण्यापूर्वी, जेथे हे प्रयोग नीट मोजूनमापून झाले तेथे काय घडले, ते पाहून घ्यावे असे आम्हांला वाटते. असा एक प्रयोग आपल्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाच्या शहरी, बडोद्यास, झालेला आहे.

बडोद्याला शिक्षणाची परंपरा मोठी. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट तेथील मराठी घरांतून आजही अभिमानाने सांगितली जाते. ह्याच शहरातील महानगरपालिकेच्या १०० प्राथमिक शाळांना गुजरात सरकारने २००० साली प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' ह्या संस्थेने पाहणी केली, तेव्हा फारच थोड्या शाळांत ते वापरात असल्याचे आढळले. यंत्र होते, वीज होती, मुले होती. पण ते चालवू जाणणारा माणूस शाळेत नव्हता. सरकारी देणगीचे असे व्हायचेच, असे म्हणून कोणी हसेल. पण वर्गणीतून घेतलेल्या यंत्राचेही ह्याहून वेगळे होईल अशी खात्री कोणी द्यावी?

मग संस्थेने काही शाळा चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि व्यवस्था बदलली. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणक मिळू लागला. एक तास शाळेच्या वेळात, दुसरा शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यावर. एका यंत्रापुढे दोन मुले बसत आणि गणिताचे खेळ खेळत. जवळ एक शिकविणारी व्यक्ती असे. कोणाला बेरीज अडते, कोण भागाकारापर्यंत पोहोचला आहे, हे पाहून ज्याला त्याला झेपेल, पण थोडा कसही लागेल, असा खेळ लावून द्यायचा, हे तिचे काम. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी दोन वर्षे मुलांच्या परीक्षा घेऊन फळ मोजले. (ह्यांपैकी पहिल्या दोघांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.)

त्यांचे आकडे आम्ही सोप्या भाषेत सांगतो. शंभर मुले हुशारीच्या क्रमाने रांगेत उभी केली, तर मधोमध, पन्नासाव्या जागी, उभा असलेला मुलगा पहिल्या वर्षाच्या अखेरीस गणितात सुमारे १४ जागा पुढे गेला, आणि दुसऱ्या वर्षीच्या मुलांची मजल सुमारे १८ जागांपर्यंत गेली. गणित आपल्या मुलांच्या वाटेतला केवढा मोठा धोंडा आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्याचे मोल सांगावयास नको. भाषेच्या विषयात मात्र काहीच फरक पडला नाही. शिवाय हा कार्यक्रम सुटल्यावर वर्षभराने पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा त्या कमाईतला बराच भाग ओसरला होता. औषध दोन दिवस घेऊन बाटली फळीवर ठेवावी, तसला हा प्रकार.

आता दुसरी बाजू. ली लिंडन ह्यांनीच गुजरातेत अहमदाबादच्या 'ज्ञानशाला' ह्या संस्थेच्या शाळांत असाच संगणक पारखून पाहिला. प्रथम तो रोजच्या शिकवणीचा वेळ कापून लावण्यात आला. मुले पुढे जाण्याऐवजी मागे पडली! पुढे तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर, जादा म्हणून ठेवला, तेव्हा फायदा झाला, आणि कच्च्या मुलांना तो अधिक झाला. यंत्र तेच असताना फळ उलटे का आले? त्या शाळांतील शिकवणी मुळात चांगली होती. तिच्यातला तास काढून यंत्राला दिला, म्हणजे दूध ओतून देऊन ताकाचा पेला भरल्यासारखे झाले.

दिल्लीस २०१५ साली ह्याहून पुढचे पाऊल पडले. सरकारी शाळांतील, मुख्यतः सहावी ते नववीच्या, मुलांना शाळा सुटल्यावर 'माइंडस्पार्क' केंद्रांत दीड तास बसवीत. त्यातला अर्धा वेळ संगणकापुढे आणि अर्धा वेळ पंधरा-एक मुलांच्या तुकडीत शिक्षकापुढे जाई. आधी प्रत्येक मुलाची चाचणी झाली, आणि जे दिसले ते आईबापांनी मनावर घ्यावे असे आहे. सहावीत बसणारा मुलगा गणितात सरासरीने अडीच इयत्ता मागे होता. नववीतला साडेचार इयत्ता मागे! नववीचे पुस्तक हातात आणि तयारी जेमतेम पाचवीची. अशा मुलाला वर्गात रोज बसवूनही त्याच्या पदरात काय पडणार? केंद्रात न गेलेल्या मुलांपैकी सर्वांत कच्च्या तिसऱ्या हिश्शाची वर्षात मोजण्याजोगी प्रगतीच झाली नाही. चाळीस मुलांच्या वर्गात गुरुजी एकच धडा शिकवू शकतात. मुलागणिक वेगळे गणित काढून देणे त्यांना शक्य होत नाही. ते काम यंत्र न कंटाळता करते. केंद्रात जाणाऱ्यांची साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीतही चांगली प्रगती झाली.

नुसत्या ऑनलाइन शिक्षणाचा अनुभव तर २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा घरोघरी आलाच. गोव्याच्या डोंगराळ भागात मुलांना नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागे. पुष्कळ घरांत फोन एकच, तोही वडिलांबरोबर सकाळी कामाला जाई आणि दिवेलागणीला परते. पुस्तकांतील धड्यांवर आता चौकोनी क्यूआर खूण छापलेली असते. फोन तिच्यासमोर धरला की धड्याचे चित्र नि आवाज येतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी असल्या खुणांचा वापर लोकप्रिय केला, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. परंतु ती खूण संध्याकाळी मुलासमोर उघडणार कोण, हा प्रश्न घरोघरी उरतोच.

तेव्हा सभेत संगणक मागताना आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. तो कोणत्या तासाला लावणार आणि त्यासाठी शिकवणीतला तास कापणार काय? आणि मुलांजवळ बसणार कोण?

ह्या दुसऱ्या प्रश्नाबाबत बडोद्याचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथे त्याच काळात 'बालसखी' म्हणून वस्तीतल्याच, शाळा पुरी केलेल्या, तरुण मुली नेमल्या होत्या. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले घेऊन त्या रोज दोन तास वाचन आणि अंकगणित पक्के करून घेत. दुसऱ्या वर्षी सर्व मुले मिळून सरासरी सुमारे ११ जागा पुढे सरकली. संगणकाहून हे फळ कमी खरे. पण संगणकाला मुलामागे वर्षाला सुमारे ७२२ रुपये खर्च आला आणि बालसखीला सुमारे १०७. दहावी-बारावी होऊन घरी असलेल्या मुली आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत. संगणक येईल तेव्हा त्याच्याजवळ बसावयास त्याच लागतील. तोवर त्यांना पाटी-पेन्सिलीवर काम सुरू करता येईल.