गावच्या दिव्यांचे बिल : भांडावे कसे?



उसाची वजनपावती हातात पडली की आपण वजन, वजावट, गाडी नंबर सगळे बारकाईने पाहतो. गावच्या पथदिव्यांचे आणि नळयोजनेचे वीजबिल मात्र पंचायतीचे काम म्हणून सोडून देतो. २०२१ साली थकबाकीपोटी महावितरणने राज्यातल्या अनेक गावांचे पथदिवे तोडले. सरपंच मंडळी म्हणाली, हे बिल आजवर शासन भरत होते. शासनाने सांगितले, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा. म्हणजे गटारीचा, रस्त्याचा पैसा बिलात गेला. तो पैसा कुणाचा? तुमचा-आमचाच.

बिल अवाच्या सवा आले, ही नेहमीची तक्रार. असेलही, पण कागदावर मांडून बघावे. समजा, गावात ४० वॅटचे ५० दिवे आहेत. म्हणजे २ किलोवॅट. रात्री ११ तास जळाले तर रोज २२ युनिट, महिन्याला ६६०. बिलावर १,४०० च्या पुढे आकडा दिसला तर मीटर नादुरुस्त असेल, नाहीतर आकारणी अंदाजाने झाली असेल. पण दिवसाढवळ्याही दिवे जळत असतील तर? चोवीस तासांचा हिशेब १,४४० युनिटच येतो! मग बोर्डाशी (जुनी माणसे अजून बोर्डच म्हणतात) भांडून काय उपयोग? आधी बटण बंद करणारा माणूस नेमा.

चूक खरोखर बिलात असेल तर जरूर भांडावे. पण इथेच पंचायती घोळ घालतात. 'बिल अमान्य' असा ठराव करायचा आणि भरणाच थांबवायचा. ठरावाची नक्कल वीज कार्यालयात जात नाही. गेली तर पोच घेतलेली नसते. तिकडे व्याज चढत राहते. सरपंच बदलतो, आकडा लाखांवर जातो आणि वादाचा कागद दप्तरात सापडत नाही.

विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे लाईट तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील ६ महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी ती हरकत नोंदवून भरावी. मग वाद मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही. दाद ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे मागायची, तीही कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

दोन वर्षे गेली की थकबाकी बुडते, असे पारावर ऐकू येते. तसे काही नाही. बिलात सतत दाखवत आलेली थकबाकी वसूल होतेच. मागाहून लावलेल्या वाढीव रकमेसाठी दोन वर्षांनंतर लाईट तोडता येत नाही, पण वसुलीचे बाकीचे मार्ग मोकळे राहतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे.

आणखी एक. जुनी नळयोजना बंद पडते, मोटार विहिरीतून निघते. पण जोडणी कायमची बंद करा असा अर्ज कुणी देत नाही आणि स्थिर आकार लागतच राहतो. अशा जोडण्यांची यादी, वर्षाची बिले आणि पोच असलेले अर्ज ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. गाळपाच्या धांदलीत २६ जानेवारीची सभा बऱ्याच जणांची चुकते, ती यंदा चुकवू नका.