होह नदीकाठी तंबू ठोकायचा तर

पावसाची आपल्याला कसली भीती, असं सिअ‍ॅटलकडे नव्याने आलेला मराठी माणूस छातीठोकपणे सांगतो. जुलैत लोणावळ्याला नि माळशेजला मुद्दाम भिजायला जाणारे आपण. तंबूवर चार सरी पडल्या तर बिघडलं कुठे? ऑलिम्पिक नॅशनल पार्कातल्या होह कॅम्पग्राउंडवर जायचं असेल तर हा आत्मविश्वास घरीच ठेवावा. तिथल्या पावसाची जात निराळी आहे, आणि तिथे राहण्याची बरीचशी पथ्यं त्या पावसामुळेच आली आहेत.

जागा कुठे आहे

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, ऑलिम्पिक द्वीपकल्प आहे. सिअ‍ॅटलहून फेरीने पाणी ओलांडून, पोर्ट एंजेलिस आणि फोर्क्स गावांवरून १०१ क्रमांकाच्या महामार्गाने जायचं. मग अप्पर होह रोडवर वळून साधारण २९ किलोमीटर आत. फेरीची रांग आणि जेवणाचा थांबा धरला तर निम्मा दिवस प्रवासातच जातो. शेवटचा पेट्रोलपंप आणि वाणसामानाचं मोठं दुकान फोर्क्सला. पुढे मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

पार्क १९३८ साली झालं, पण संरक्षण त्याच्याही आधीचं. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये इथल्या एल्कसाठी, म्हणजे सांबराच्या मोठ्या भावासाठी, हा प्रदेश राखीव केला. त्या एल्कला आज रूझवेल्ट एल्क असंच नाव आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पार्क १९८१ मध्ये आलं.

होह नदी उगम पावते ती माउंट ऑलिम्पसच्या हिमनद्यांतून. हा डोंगर उंचीला जेमतेम २,४३० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा आठशे मीटरसुद्धा जास्त नाही. तरी त्याच्या अंगावर बारमाही बर्फ आहे, कारण पॅसिफिकवरून येणारे ढग हिवाळ्यात त्याच्यावर अतोनात हिम टाकतात. हिमनदी खडक घासत पुढे सरकते आणि त्या खडकाचं पीठ पाण्यात मिसळतं. म्हणून ऐन उन्हाळ्यात होहचं पाणी ताकात निळीचे चार थेंब पडावेत तसं दिसतं. कॅम्पग्राउंड या नदीच्या वळणावरच आहे, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरपेक्षाही खाली.

पाऊस उलटा

होहच्या खोऱ्यात वर्षाला साडेतीन ते चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वर किंवा आंबोलीवाल्याला या आकड्याचं अप्रूप वाटणार नाही. तिकडे याहून जास्तच पडतो. फरक ऋतूचा आहे. आपला पाऊस चार महिन्यांत, तोही उबदार हवेत. इथला पाऊस ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत, आणि थंडीत. जुलै-ऑगस्ट हे इथले सगळ्यात कोरडे महिने, म्हणून कॅम्पिंगचा हंगामही तोच. आपली पावसाची पंचांगं इथे पार उलटी लावावी लागतात.

पर्जन्यछायेचा खेळ मात्र ओळखीचा वाटेल. महाबळेश्वर झोडपून निघतं आणि पलीकडे माण-खटाव तहानलेला राहतो, तसंच इथे. याच द्वीपकल्पाच्या ईशान्येला स्क्विम नावाचं गाव आहे, तिथे वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथले शेतकरी पाणी देऊन लॅव्हेंडर पिकवतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. उन्हाळ्यातही इथे एखादी सर येते, आणि रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरू शकतो. सह्याद्रीत भिजलेला माणूस भजी खातो आणि तासाभरात वाळतो. इथे जीन्स आणि सुती टी-शर्ट भिजला की दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही, आणि ओला सुती कपडा अंगातली ऊब शोषत राहतो. शरीराचं तापमान धोक्याइतकं घसरायला बर्फ लागत नाही. दहा अंशांची थंडी, ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं. आधी हुडहुडी भरते, मग बोटं ऐकेनाशी होतात, चेन लावता येत नाही, बोलणं अडखळतं. मूल गप्प बसलं किंवा किरकिर करायला लागलं तर ते कंटाळलंय असं धरून चालू नये. ओले कपडे ताबडतोब उतरवावेत, कोरडे चढवावेत, स्लीपिंग बॅगेत घालावं आणि शुद्धीवर असेल तर गरम, गोड काहीतरी पाजावं. तब्येत सावरत नसेल तर रेंजरला गाठावं.

त्यामुळे सामानात लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे, खरोखर पाणी न शिरणारं जॅकेट, आणि काहीही झालं तरी न उघडायची एक पिशवी, ज्यात झोपायचे कोरडे कपडे आणि मोजे. ही पिशवी माझ्या मते तंबूइतकीच महत्त्वाची.

तंबू आणि अंथरूण

कॅम्पग्राउंडवर सत्तरच्या आसपास जागा आहेत. प्रत्येकीला एक लाकडी टेबल-बाक, लोखंडी कड्याची चूल आणि गाडी लावायला जागा. पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, फ्लशची स्वच्छतागृहं आहेत. अंघोळीची सोय नाही, विजेची जोडणी नाही, उपाहारगृह नाही.

तंबू ठरवून दिलेल्या जागेतच, जरा उंचवट्यावर लावावा. लावण्याआधी वर बघावं: वाळकी, अडकून राहिलेली फांदी डोक्यावर नको. तंबूखाली ताडपत्री घालणार असाल तर ती तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर पावसाचं पाणी तीच गोळा करून तुमच्या पाठीखाली आणते. वरचं छत ताणून बांधावं, पण खालच्या झडपा थोड्या उघड्या ठेवाव्यात. चौघांच्या श्वासाची वाफ रात्रभर आत कोंडली की सकाळी आतूनच पाऊस पडतो, आणि लोक तंबू बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने बोटं मोडतात.

महागडी स्लीपिंग बॅग घेऊन खालच्या गादीत काटकसर करणारे बरेच भेटतात. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. आधी चांगली पथारी घ्यावी, मग बॅग.

फोडणी, खरकटं आणि एक छोटा पक्षी

या जंगलात काळं अस्वल आहे, ग्रिझली नाही. अस्वलाच्या गोष्टी रंगवून सांगण्यात मजा असते, पण कॅम्पग्राउंडवर त्याची आणि आपली गाठ पडते ती बहुधा आपल्या ढिलाईमुळे. नियम सोपा आहे: खाणं, कुलर, मसाल्याचा डबा, टूथपेस्ट, साबण, ज्याला म्हणून वास आहे ते सगळं वापर नसताना गाडीत, काचा वर करून. तंबूत चिवड्याचं पाकीटही नको. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल शेवटी अनेकदा मारावं लागतं, म्हणजे आपल्या चिवड्याची किंमत ते भरतं.

आपला स्वयंपाक खमंग. हिंग-मोहरीची फोडणी, तळणीचा वास दहा तंबूंपलीकडे जातो. म्हणून फोडणी घालून तयार केलेलं पोह्यांचं किंवा उपम्याचं कोरडं मिश्रण घरूनच न्यावं. वर नुसतं उकळतं पाणी लागतं, आणि भांडीही कमी लागतात. ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी हा तर आपल्या प्रवासाचा मुरलेला शिधा, तो इथेही उत्तम चालतो.

भांडी नदीत धुवायची नाहीत, साबण "बायोडिग्रेडेबल" असला तरी नाही. खरकटं गाळणीने गाळून कचऱ्यात टाकायचं आणि पाणी त्यासाठी नेमून दिलेल्या ठिकाणी ओतायचं.

आता तो पक्षी. टेबलाखाली सांडलेले पोहे टिपायला निळा, तुरेवाला स्टेलर्स जे येतो. मुलांना तो फार आवडतो आणि मोठे कौतुकाने त्याला आणखी घालतात. याच जंगलात मार्बल्ड मरलेट नावाचा एक समुद्रपक्षी राहतो. मासे समुद्रात पकडतो आणि अंडं घालायला मैलोन्मैल आत, जुन्या झाडांच्या शेवाळलेल्या रुंद फांदीवर येतो. एका वेळी एकच अंडं. घरटंही बांधत नाही. शेवाळात खळगा, बस्स. ही घरटी कुठे असतात हे पक्षीशास्त्रज्ञांना १९७४ पर्यंत उमगलं नव्हतं. कॅलिफोर्नियात झाडावर चढलेल्या एका कामगाराला ते योगायोगाने दिसलं. १९९२ पासून हा पक्षी सरकारदरबारी धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे. आणि त्याचं अंडं, पिल्लू खाणाऱ्यांत जे आणि डोमकावळे अग्रभागी आहेत. तंबूंच्या आसपास फुकटचं खाणं मिळालं की त्यांची संख्या वाढते आणि त्याच परिसरातली अंडी जातात. पाखराला चार दाणे घालणं हा आपल्याकडे पुण्याचा भाग. इथे मात्र सांडलेला दाणा न् दाणा उचलावा.

शेकोटी

चुलीच्या कड्यातच जाळ करावा. घरून लाकूड आणू नये. त्यातून झाडं पोखरणारे किडे एका भागातून दुसऱ्या भागात जातात. जवळच्या भागातलं, विकत घेतलेलं लाकूड वापरावं. झोपण्याआधी पाणी ओतावं, काठीने ढवळावं, पुन्हा ओतावं, आणि राखेजवळ हात नेऊन ती गार झाल्याची खात्री करावी.

एवढ्या ओल्या रानात कुठे आग लागते, असं म्हणणाऱ्यांनी २०१५ आठवावं. त्या वर्षी हिवाळ्यात डोंगरावर हिम जेमतेम पडलं, आणि शेजारच्या क्वीट्स नदीच्या खोऱ्यात, याच प्रकारच्या वर्षावनात, विजेमुळे लागलेली आग महिनोन्‌महिने धुमसत राहिली. झाडांवर लोंबणारं दगडफूल वाळलं की ते वातीसारखं पेट घेतं.

नदीशी वागताना

होह दिवसभर सारखी नसते. दुपारच्या उन्हात वरचं बर्फ वितळतं, ते पाणी संध्याकाळपर्यंत खाली पोचतं, आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी वाढतं. त्यात ते नुकतं वितळलेलं आणि गढूळ; तळ दिसत नाही. पोहायला म्हणून ही नदी नव्हेच. मुलांना काठच्या गोट्यांत खेळू द्यावं, पण त्यांच्यासोबत एक मोठं माणूस हवं. पुरात वाहून आलेल्या ओंडक्यांच्या ढिगावर चढू देऊ नये, ते गडगडतात.

ही नदी पात्रही बदलते. काठ खाते, झाडं पाडते, रस्ता गिळते. नदीच्या मुखाशी होह जमातीची वस्ती आहे. पूर आणि त्सुनामी या दोन्हींच्या धोक्यामुळे त्यांना उंचावर जमीन मिळावी म्हणून अमेरिकेच्या संसदेने २०१० मध्ये खास कायदा केला. त्यांच्यासाठी ही नदी सहलीची जागा नाही, नावगाव आहे.

तंबूपलीकडचं रान

पार्कातला सुमारे ९५ टक्के भाग १९८८ पासून "विल्डरनेस" म्हणून जाहीर आहे. १९६४ च्या कायद्यानुसार अशा भागात रस्ते नाहीत, मोटारी नाहीत, सायकलसुद्धा नाही. कॅम्पग्राउंड त्या हद्दीच्या उंबरठ्यावर आहे. इथून निघणारी होह नदीची पायवाट साधारण २८ किलोमीटर आत, ग्लेशियर मेडोजपर्यंत जाते. दिवसा हवं तितकं चालून परत येता येतं. आत मुक्काम करायचा तर वेगळा परवाना आणि अन्न सुरक्षित ठेवण्याची सोय लागते.

आईबाबा पुण्याहून आले असतील तर त्यांना न्यावं का? न्यावं, पण जाड हवेची गादी, पाठीची खुर्ची आणि स्वच्छतागृहाजवळची जागा हे तीन हट्ट धरून. त्यांच्यासाठी "हॉल ऑफ मॉसेस" ही सव्वा किलोमीटरची फेरी पुरेशी आहे. मोठ्या पानांच्या मेपल वृक्षांवरून शेवाळाचे पडदे लोंबतात. त्याहून बघण्यासारखा असतो तो आडवा पडलेला ओंडका. जमिनीवरच्या दाट शेवाळात बी रुजत नाही, पण कुजत्या ओंडक्यावर रुजतं. त्यावर हेमलॉक आणि सिटका स्प्रूसची बोटभर रोपं ओळीने उभी असतात. शेकडो वर्षांनी ओंडका कुजून नाहीसा होतो. उरतात एका रेषेत उभी प्रचंड झाडं, आणि त्यांच्या मुळांखाली ओंडक्याच्या आकाराची पोकळी. तीत लहान मूल सहज बसेल, पण बसवू नये.

वाटेवर वीतभर लांब, पिवळी-हिरवी गोगलगाय दिसेल, पाठीवर शंख नसलेली. बनाना स्लग म्हणतात तिला. सकाळी तंबूच्या कापडावर सापडली तर पानावर घेऊन बाजूला ठेवावी. एल्कपासून मात्र ४५ मीटर तरी लांब राहावं, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या माजाच्या दिवसांत जास्तच.

इथे मुक्काम करण्याचा खरा फायदा सकाळी कळतो. उन्हाळ्यात पार्किंग भरलं की प्रवेशद्वारावर गाड्या खोळंबतात. तंबूतला माणूस सात वाजताच शेवाळात फिरून येतो, आणि गाड्यांची रांग लागेपर्यंत त्याचा दुसरा चहा झालेला असतो.

निघण्याआधी

डिसेंबर २०२४ मध्ये नदीने अप्पर होह रोडचा काठ खाल्ला आणि रस्ता बंद पडला. तो मे २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती आणि शेकोटीवर बंदी आहे का, हे दोन्ही तपासावं. उन्हाळ्यातल्या जागांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि शनिवार-रविवार भराभर जातात. जुलैत जायचं असेल तर जानेवारीतच, संक्रांतीच्या आसपास, तारखा नक्की करून टाका.