बेटे सोडून निघालेले वादळ

वादळ लक्षद्वीप सोडून पुढे गेले, अशी बातमी नभोवाणीवर आली की ऐकणारा सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु पुढे म्हणजे कोठे? बेटांवरून टळलेले संकट आता दुसऱ्या कोणाच्या दारी जाणार आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. आणि अरबी समुद्रात त्या वाटेवर कित्येकदा आपली कोकणपट्टी असते. म्हणून असे वादळ कशाने चालते, कशाने वाढते आणि कशाने मरते, हे सह्याद्रीच्या आड, समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर राहणाऱ्या कडेगावकरांनीही समजून घेण्याजोगे आहे.

वावटळ आपण सर्वांनी पाहिली आहे. चैत्रात नांगरलेले रान तापते, तेथली हवा हलकी होऊन वर जाते, भोवतालची हवा ती जागा घ्यावयास धावते आणि धुळीचा खांब गरगरत उभा राहतो. पण थोड्याच वेळात तो विरतो, कारण त्याच्यापाशी शिदोरी नसते. समुद्रावरील चक्रीवादळापाशी ती असते. सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या समुद्राची वाफ वर चढते, थंड होऊन तिचे ढग बनतात, आणि वाफ होताना पाण्याने घेतलेली उष्णता त्या वेळी मोकळी होते. त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, खालचा दाब आणखी उतरतो आणि आणखी वाफ आत ओढली जाते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात हे आत धावणारे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळतात. सर्पाच्या वेटोळ्यासारख्या या आकारावरूनच कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ च्या आपल्या ग्रंथात ‘सायक्लोन’ हा शब्द योजला.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. वाऱ्याचा वेग निराळा आणि वादळाच्या चालीचा वेग निराळा. ओढ्याच्या पाण्यातला भोवरा स्वतःभोवती जोराने फिरतो, पण पुढे जातो तो प्रवाहाबरोबर. तद्वत् ताशी दीडशे किलोमीटर वेगाचे वारे फिरवणारे वादळ स्वतः मात्र बहुधा सायकलस्वाराच्या गतीने, ताशी पंधरा-वीस किलोमीटर चालते. आणि त्याला दिशा मिळते ती भोवतालच्या विस्तीर्ण वातप्रवाहांकडून.

आता २०१७ चे ओखी वादळ पाहू. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले. त्याचा अर्थ डोळा. ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीच्या आसपास त्याचे चक्रीवादळ झाले आणि १ डिसेंबरला ते लक्षद्वीपात पोहोचले. ही ३६ प्रवाळबेटे; सर्वांचे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. आश्रयाला जावे तर तेथे डोंगर नाही. बेटे सोडल्यावर ते शांत झाले काय? नाही. २ डिसेंबरला वाऱ्यांचा वेग ताशी १५० ते १६० किलोमीटरपर्यंत चढला. मग ते उत्तरेकडे वळले आणि ५ तारखेस मुंबईतील शाळांना सुटी द्यावी लागली. पण दक्षिण गुजरातचा किनारा गाठण्यापूर्वीच ते क्षीण होऊन केवळ कमी दाबाचे क्षेत्र उरले. डिसेंबरात उत्तरेकडचा समुद्र तुलनेने थंड असतो, वरच्या थरांतील पश्चिमेचे जोरदार वारे वादळाचा माथा मोडून टाकतात आणि कोरडी हवा आत शिरते. चुलीतला जाळ काढला आणि झाकणही उडाले, म्हणजे आधण किती वेळ राहणार?

याउलट २०२१ च्या मे महिन्यातले तौक्ते. तेही लक्षद्वीपाजवळच जन्मले आणि उत्तरेस निघाले. परंतु मे महिन्यातला समुद्र तापलेला. त्यामुळे कोकणाला समांतर जाताना ते वाढतच गेले आणि १७ मेच्या रात्री दीव-उन्याच्या परिसरात किनाऱ्यावर चढले. मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून साठांहून अधिक माणसे दगावली. बेटे तीच, दिशाही जवळपास तीच, भेद ऋतूचा.

ओखीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार वादळापूर्वीच खोल समुद्रात गेले होते. एका दिवसात वाढलेल्या वादळाची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे साधन नव्हते. शेकडो माणसे मेली वा बेपत्ता झाली. मात्र ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह आपल्या सिंधुदुर्गातील देवगड बंदरात सुखरूप लागल्या. किनारा परका, भाषा परकी. पण बंदर मिळाले म्हणून माणसे वाचली.

आपल्या भागाला अशा वादळाचे वारे सहसा झोडपीत नाहीत. परंतु त्याने ओढून आणलेली वाफ घाट ओलांडू शकते. शाळू उभा असताना, द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना आलेली एक ढगाळ सर वर्षाचा हिशेब बिघडवते. तेव्हा श्रोतेहो, वादळ बेटांपासून दूर गेले असे ऐकाल, तेव्हा तीन गोष्टी विचाराव्या: ते कोणीकडे वळते आहे? पुढचा समुद्र किती तापलेला आहे? आणि त्या वाटेवर अजून कोण माणसे समुद्रात आहेत? पहिल्या दोहोंची उत्तरे हवामानशास्त्र देईल. तिसऱ्याचे उत्तर शोधणे आणि त्या माणसांपर्यंत वेळेवर निरोप पोहोचवणे हे समाजाचे काम आहे.