चांदोलीच्या कुरणांमागची गावं

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे सह्याद्रीच्या माथ्यावर जिथे भिडतात, तिथे चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान पसरलं आहे. क्षेत्र सुमारे ३१७ चौरस किलोमीटर. १९८५ मध्ये हे जंगल अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. या पाट्यांमधला फरक कागदापुरता नाही. अभयारण्यात गुरं चारण्यासारखे काही हक्क अटींवर राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात चराई बंद, आणि आतल्या जमिनीवरचे हक्क संपल्याशिवाय अंतिम घोषणाच होत नाही. हद्दीत गाव असेल, तर गावाला उठावं लागतं.

चांदोलीतली गावं उठली. काही वारणेच्या धरणाने उठवली, काही अभयारण्याने. जंगलात आजही घरांची जोती, तुळशीवृंदावनं, कुणीतरी हौसेने लावलेले आंबे-फणस दिसतात. आणि जिथे भात, नाचणी पिकायची, तिथे गवत उभं आहे.

या गवतावर बरंच काही अवलंबून आहे. अंजन, जांभूळ, हिरडा यांच्या दाट सदाहरित रानात खाली ऊन पोचत नाही, त्यामुळे चारा थोडा. भेकर, पिसोरी तिथे निभावतात. गव्यांच्या कळपाला, सांबरांना मात्र उघडं कुरण लागतं. ते त्यांना जुन्या शेतांवर मिळालं. पण शेत सोडून दिलं की झुडपं शिरतात, म्हणून ही कुरणं राखावी लागतात. वाघाचा हिशोबही इथूनच सुरू होतो. दक्षिणेकडून, राधानगरी-तिलारीच्या जंगलपट्ट्याने वाघ इकडे येत राहिले आहेत; २०२५ मध्ये ताडोब्यातून वाघीणही आणली गेली. तिने इथे ठाव धरायचा, तर सांबर हवं, आणि सांबराला गवत.

माथ्यावरचे सडे मात्र माणसाने घडवलेले नाहीत. झोळंबीच्या सड्यावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर असतो. उन्हाळ्यात तो करपतो, पावसाळ्यात पाण्याने डबडबतो. या मातीत नत्र फार कमी, म्हणून दवबिंदूचं इवलंसं रोप ते किड्यांतून मिळवतं. त्याच्या पानावरच्या प्रत्येक लालसर केसाच्या टोकाशी चिकट थेंब असतो. चिलट टेकलं की अडकतं आणि केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. वरवर ओसाड भासणारा हा कातळ म्हणजे पडीक जमीन, असं समजून त्यावर रस्ते आणि खाणी काढणं मला अक्षम्य वाटतं. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी स्थळं जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांत चांदोली आहे. कोयना, कास आणि राधानगरीही आहेत.

या वारशाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना आपल्याकडे ‘अभयारण्यग्रस्त’ म्हणतात. पुनर्वसनाच्या जमिनीसाठी, पाण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, धरणं धरावी लागली. कुठला झरा मेमध्येही आटत नाही, गवे कोणत्या वाटेने उतरतात, हे त्यांच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. व्याघ्र प्रकल्पात वाटाडे, पहारेकरी, कुरणं राखणारे नेमायचे असतील, तर पहिला हक्क या घरांतल्या मुलांचा आहे. आणि त्याआधी, ज्या जमिनीचा शब्द दिला होता ती सातबाऱ्यावर त्यांच्या नावे लागली पाहिजे.