नव्याने व्यायाम सुरू केल्यानंतर होणारी तात्पुरती वजनवाढ : एक शरीरक्रियाशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :

व्यायाम केला की वजन घटते, ही समजूत समाजात इतकी दृढ आहे की व्यायामाचे फलित मोजण्याचे एकमेव साधन म्हणून वजनकाट्याकडेच पाहिले जाते. प्रत्यक्षात बैठे काम करणारी व्यक्ती जेव्हा नव्याने व्यायामास प्रारंभ करते, तेव्हा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिचे वजन घटण्याऐवजी एखाद्या किलोने वाढलेले आढळू शकते. ‘व्यायाम आपल्याला मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून व्यायाम सोडून देण्याचा धोका याच टप्प्यावर अधिक असतो. म्हणून या वजनवाढीची कारणे स्पष्ट करणे आणि वजनकाट्याच्या वापराची मर्यादा दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाढलेले वजन कशाचे नसते?

शरीरातील एक किलो मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठविलेली असते. म्हणजेच एका आठवड्यात एक किलो मेद वाढण्यासाठी गरजेपेक्षा दररोज सुमारे १,१०० किलोकॅलरी अधिक आहार घ्यावा लागेल. नेहमीच्या जेवणाखेरीज रोज तीन-चार वडापाव खाल्ल्यासारखेच हे आहे. आहार पूर्ववत असताना हे संभवत नाही.

‘स्नायू वाढले म्हणून वजन वाढले’ हे लोकप्रिय समाधानही या टप्प्यावर पुरेसे नाही. मोरितानी व डीव्हरीस यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, प्रारंभीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद ही प्रामुख्याने मज्जासंस्थेच्या सुधारलेल्या कार्यामुळे असते. स्नायूंच्या आकारातील वाढ त्यानंतर हळूहळू प्रभावी ठरते. तेव्हा हे वजन मुख्यत्वे पाण्याचे असते. ते पुढील तीन कारणांनी साठते.

१) ग्लायकोजेनचा साठा : स्नायू आपले इंधन ग्लायकोजेनच्या रूपाने साठवितात. स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम व हल्टमन या संशोधकांनी १९६६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. दोघांनी स्वतः एकेका पायाने एकच सायकल चालवली आणि नंतर कर्बोदकयुक्त आहार घेतला. श्रम केलेल्या पायातील ग्लायकोजेनचा साठा तीन दिवसांत विश्रांत पायाच्या तुलनेत सुमारे दुप्पट झाला. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारणतः ३ ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. साठा १५० ग्रॅमने वाढला असे मानल्यास वजनात सुमारे ६०० ग्रॅमची भर पडते.

२) स्नायूंतील सूज : अनभ्यस्त श्रमाने स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते व दुरुस्तीच्या प्रक्रियेत तेथे द्रव साचतो. स्नायू ताणला जात असतानाच भार पेलावा लागला, तर ही इजा अधिक होते. बैठक मारताना खाली जाणे किंवा गड उतरणे ही त्याची परिचित उदाहरणे होत. गड चढताना दम लागतो. परंतु मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. आपण ज्याला ‘अंग आंबणे’ म्हणतो ती वेदना साधारणतः २४ ते ७२ तासांत तीव्र होते, तर सूज त्यानंतरही काही दिवस टिकू शकते.

३) रक्तद्रवातील वाढ : नियमित चालणे, धावणे वा सायकल चालविणे सुरू झाल्यावर मूत्रपिंडे अधिक पाणी व क्षार राखून ठेवतात. त्यामुळे एक-दोन आठवड्यांत रक्तद्रव सुमारे १० टक्क्यांनी वाढू शकतो. प्रौढ व्यक्तीत ही वाढ सुमारे ३०० मिलिलिटर भरते. यामुळे हृदयास प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त पुरविता येते आणि घामावाटे उष्णता बाहेर टाकणे सुलभ होते.

यांपैकी सूज काही दिवसांत ओसरते. इतर दोन बदल मात्र व्यायाम चालू असेपर्यंत बऱ्याच अंशी टिकतात. कारण ती शरीराने श्रमाशी साधलेली जुळणी आहे. काट्यावरील आकडा पुढे उतरतो तो मेद घटू लागल्यामुळे. म्हणूनच ही वजनवाढ तात्पुरती ठरते.

मोजमापातील विसंगती :

याच काट्याची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. कर्बोदके एकदम बंद केल्यास वा उपासमार केल्यास ग्लायकोजेन व त्याबरोबरचे पाणी निघून जाते आणि दोन-चार दिवसांतच वजन झपाट्याने उतरते. अर्थात, काटा उपासमारीला बक्षीस देतो आणि व्यायामाला दंड करतो. महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण विभागाने वा आरोग्यविषयक उपक्रमाने ‘महिन्यात किती किलो घटले’ हाच निकष लावला, तर विद्यार्थी चुकीच्या मार्गाकडे ढकलले जाण्याचा धोका आहे.

त्याऐवजी पहिले चार ते सहा आठवडे कमरेचा घेर, विश्रांतीतील नाडीचे ठोके, ठरावीक अंतर चालण्यास लागणारा वेळ आणि झोपेची प्रत यांची नोंद ठेवावी. वजन करावयाचेच असल्यास सकाळी, शौचानंतर व न्याहारीपूर्वी करून आठवड्याची सरासरी पाहावी. स्त्रियांनी मासिक चक्रातील त्याच टप्प्यावरील आकड्यांची तुलना करावी. मात्र सहा आठवड्यांनंतरही वजन आणि कमरेचा घेर दोन्ही वाढतच असतील, तर आहाराची तपासणी करावी. अर्ध्या तासाच्या चालण्याने खर्च झालेली ऊर्जा एका वडापावाने सहज भरून निघते. पायांवर सूज, धाप लागणे, अतितीव्र स्नायुवेदना किंवा लघवीचा रंग गडद तपकिरी होणे यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, प्रारंभीची वजनवाढ हे अपयशाचे लक्षण नाही. शरीर इंधन साठवीत आहे, इजा भरून काढीत आहे आणि रक्ताभिसरण सुधारीत आहे, याचे ते द्योतक आहे. ही बाब व्यायामाच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांना व सहकाऱ्यांना सांगितली गेली, तर दुसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडणाऱ्यांपैकी काही जण निश्चितच टिकून राहतील.